खरेदीपूर्वीचे प्रामाण्य

ज्ञान उत्पन्न होताच ते यथार्थ आहे हेही त्याबरोबर कळते, की त्याची यथार्थता पुढे वेगळ्या साधनाने ठरवावी लागते, हा प्रामाण्याचा प्रश्न भारतीय दर्शनांत शतकानुशतके चर्चिला गेला आहे. मीमांसकांनी पहिला पक्ष घेतला, त्याला स्वतःप्रामाण्य म्हणतात: ज्ञान मुळातच प्रमाण असते, आणि त्याला बाध आणणारे दुसरे ज्ञान झाले किंवा ज्ञानाच्या साधनात दोष आढळला, तरच ते अप्रमाण ठरते. नैयायिकांनी परतःप्रामाण्याचा पक्ष घेतला. त्यांच्या मते ज्ञानाच्या खरेपणाचा निश्चय प्रवृत्तिसामर्थ्यावरून होतो, म्हणजे त्या ज्ञानावर विसंबून केलेली कृती फळाला आली की नाही यावरून होतो. दूर पाणी दिसले, मनुष्य तेथवर गेला, त्याची तहान भागली, आणि मग आधीचे ज्ञान प्रमाण होते हे ठरले. या मतावर उघडच एक आक्षेप येतो. निश्चय जर कृतीनंतरच होणार, तर कृती करायची कशाच्या बळावर? पाण्यापर्यंत चालत जाण्यात फारसे काही खर्ची पडत नाही, म्हणून संशय असतानाही माणूस निघतो. परंतु यज्ञासारख्या कर्मात पुष्कळ द्रव्य आणि श्रम आधीच वेचावे लागतात, आणि तेथे पूर्वनिश्चयावाचून प्रवृत्त होणे शहाणपणाचे नाही, हा भेद न्यायपरंपरेतील ग्रंथकारांनी स्वतःच ओळखला होता.

लॅपटॉप विकत घेऊ पाहणारा मनुष्य या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याला निवडायच्या असतात त्या दोन चिपा: प्रोसेसर म्हणजे सर्व सूचना पार पाडणारी मुख्य गणनचिप आणि ग्राफिक्स चिप म्हणजे हजारो लहान गणने एकाच वेळी करून पडद्यावरील चित्र घडवणारी चिप. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये या दोन्ही चिपा मुख्य फलकावर कायमच्या डाखलेल्या असतात, त्यामुळे निवड चुकली तर फक्त तेवढा भाग बदलता येत नाही, संपूर्ण यंत्रच बदलावे लागते. पैसे आधी जातात आणि कळते नंतर. खरेदीच्या क्षणी ग्राहकाजवळ असतात ती काही नावे, काही आकडे आणि इतरांनी केलेल्या काही चाचण्या. स्वतःचे काम त्या यंत्रावर कसे चालेल हे प्रत्यक्ष मात्र त्याला उपलब्ध नसते. दुकानातल्या मांडणीवर दहा मिनिटे हात फिरवून मिळते ते कळफलकाचे आणि पडद्याचे ज्ञान, चिपेचे नव्हे. त्यामुळे दोन चिपांची तुलना हा वरवर तांत्रिक दिसणारा विषय मुळात प्रमाणशास्त्राचा आहे, आणि तो तसा हाताळला तर बाजारातील पुष्कळसा गोंधळ कोठून येतो हे नेमके दाखवता येते.

'या दोहोंत चांगली कोणती?' या प्रश्नाचे स्वरूप आधी तपासले पाहिजे. न्यायसूत्रांच्या पहिल्याच सूत्रात सोळा पदार्थांची जी यादी येते, तीत संशयाच्या लगोलग प्रयोजन आहे, आणि हा क्रम अर्थपूर्ण मानण्यास जागा आहे, कारण ज्यासाठी प्रवृत्त व्हायचे ते ठरल्यावाचून संशयाचा निरास कोणत्या दिशेने करायचा हेच कळत नाही. वैशेषिकांनी परत्व आणि अपरत्व, म्हणजे दूरपणा व जवळपणा किंवा थोरपणा व धाकटेपणा, यांना गुणांच्या यादीत स्थान दिले खरे, पण ते अपेक्षाबुद्धीवर, म्हणजे दोन वस्तूंना एकमेकींच्या संदर्भात पाहणाऱ्या जाणिवेवर, अवलंबून उत्पन्न होतात असेही सांगितले. चिपेचे चांगलेपण या गुणांच्याही पुढे जाऊन परावलंबी आहे, कारण त्याला दुसरी वस्तू तर लागतेच, शिवाय तिसरे म्हणून करायचे कामही लागते. व्हिडिओ संपादनातील एक उदाहरण येथे पुरेसे आहे. काही कॅमेरे एचईव्हीसी या संकोचनपद्धतीत, प्रत्येक बिंदूच्या रंगाची माहिती नेहमीपेक्षा अधिक राखणाऱ्या दहा-बिट ४:२:२ या रूपात चित्रण साठवतात. इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स विभागात हे चित्रण उलगडणारे स्वतंत्र मंडल आहे, तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेतील महागड्या ग्राफिक्स चिपांत या विशिष्ट रूपासाठी ते नाही, आणि ते आले आरटीएक्स ५० मालिकेत. त्रिमितीय खेळांसाठी जी चिप निःसंशय वरचढ, तीच या एका कामात, एकटीवर भिस्त ठेवली तर, अंगभूत ग्राफिक्सच्या मागे पडते.

प्रयोजन ठरले तरी मूळ अडचण तशीच राहते: फळ अजून मिळालेले नाही आणि निश्चय तर आधी हवा. नैयायिकांनी यावर काढलेला मार्ग तज्जातीयत्वाचा आहे. पूर्वी ज्या प्रकारचे ज्ञान कृतीच्या कसोटीला उतरले, त्याच प्रकारचे हे ज्ञान आहे, म्हणून हेही प्रमाण, असे अनुमान फळ मिळण्याआधीच करता येते. परिचित वैद्याचे औषध दुसऱ्यांदा घेताना रोगी पहिल्याइतका साशंक नसतो तो यामुळेच. खरेदीपूर्वी ग्राहकाला मिळू शकणारे सगळे प्रामाण्य या एकाच खांबावर उभे आहे. एखाद्या यंत्रावर झालेली चाचणी, परिचिताचा अनुभव, तीन वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपची आठवण, या सर्वांचा उपयोग 'आता घ्यायचे आहे ते त्याच जातीचे आहे' हे खरे असेल तरच. आणि चिपांच्या बाजारात नेमका हाच खांब पोखरलेला आहे, कारण जात ओळखण्याचे ग्राहकाजवळचे साधन म्हणजे नाव, आणि नावे जातीला धरून ठेवलेली नसतात.

एएमडी या कंपनीने २०२२ मध्ये जाहीर केलेल्या नामपद्धतीतील तीन प्रोसेसर शेजारी ठेवून पाहावेत: रायझन ५ ७५२०यू, रायझन ५ ७५३०यू आणि रायझन ५ ७५४०यू. मालिका एक, वर्ग एक, शेवटचे अक्षर एक, आणि चार अंकांपैकी केवळ तिसरा अंक निराळा. परंतु तो तिसरा अंकच चिपेची रचना, म्हणजे तिच्या अंतर्गत बांधणीची पिढी, सांगतो. ७५२०यू ची बांधणी झेन २ या २०१९ मध्ये बाजारात आलेल्या पिढीची असून तिच्यात चार कोअर आहेत. कोअर म्हणजे स्वतंत्रपणे सूचना चालवणारा गणनविभाग. ७५३०यू मध्ये झेन ३ पिढीचे सहा कोअर आहेत आणि ७५४०यू मध्ये झेन ४ पिढीचे सहा. पहिला अंक पाहून तिन्ही चिपा समवयस्क वाटतात, आणि मोठ्या आकड्याकडून लहान आकड्याकडे उतरण्याची सवय लागलेल्या मनाला ७५४० आणि ७५२० यांतील अंतर नगण्य भासते. प्रत्यक्षात ते दोन पिढ्यांचे आणि दोन कोअरांचे अंतर आहे. कंपनीने आपली पद्धत उघड केली होती, त्यामुळे येथे असत्य बोलले गेले असे म्हणता येत नाही. मात्र जो अंक सर्वांत महत्त्वाचा तो नजरेत सर्वांत कमी भरेल अशा जागी ठेवला गेला, आणि ही गोष्ट निष्पाप मानणे अवघड आहे.

इंटेलच्या नावांचा प्रश्न याहून खोल जातो, कारण तेथे जातीची कल्पनाच अडचणीत येते. नैयायिक उदयनाचार्यांनी 'किरणावली'त जातिबाधकांचा, म्हणजे एखाद्या सामान्य धर्माला खरी जाती मानण्याच्या आड येणाऱ्या सहा कारणांचा, निर्देश केला आहे. त्यांपैकी एक संकर होय. दोन धर्म असे असतील की पहिला दुसऱ्यावाचून कोठे आढळतो, दुसरा पहिल्यावाचून कोठे आढळतो, आणि तरीही तिसऱ्या ठिकाणी दोघे एकत्र नांदतात, तर ते दोन्ही धर्म जाती असू शकत नाहीत. भूतत्व, म्हणजे महाभूत असणे, आणि मूर्तत्व, म्हणजे मर्यादित परिमाण असणे, हे याचे प्रसिद्ध उदाहरण: आकाशात भूतत्व आहे पण मूर्तत्व नाही, मनात मूर्तत्व आहे पण भूतत्व नाही, आणि पृथ्वीत दोन्ही आहेत. आता इंटेलच्या बाराव्या पिढीकडे पाहावे. आय७-१२५५यू मध्ये 'आय७'पणा आहे, पण 'एच'पणा, म्हणजे अधिक वीज घेऊन अधिक काम करण्यासाठी घडवलेल्या वर्गाचे लक्षण, नाही. आय५-१२५००एच मध्ये 'एच'पणा आहे पण 'आय७'पणा नाही. आणि आय७-१२७००एच मध्ये दोन्ही आहेत. हा शुद्ध संकर आहे. उदयनाचार्यांची कसोटी लावली तर 'आय७' ही जाती ठरत नाही, तो वस्तूवर बाहेरून लादलेला धर्म ठरतो, आणि त्याच्या आधारे तज्जातीयत्वाचे अनुमान करणे ही चूक ठरते.

ही चूक केवळ तात्त्विक राहत नाही. आय७-१२५५यू मध्ये दोन मोठे आणि आठ लहान, असे दहा कोअर आहेत आणि त्याची मूळ वीजमर्यादा १५ वॅट आहे. आय५-१२५००एच मध्ये चार मोठे आणि आठ लहान, असे बारा कोअर असून मूळ मर्यादा ४५ वॅट आहे. अनेक कोअर एकदम राबवणाऱ्या दीर्घ कामात, उदाहरणार्थ इमारतीचे त्रिमितीय चित्र तयार करण्यात, नावाने धाकटा असलेला दुसरा प्रोसेसर पहिल्याला सहज मागे टाकतो. 'आय५ की आय७?' हा प्रश्न दुकानांतून रोज विचारला जातो, आईवडील मुलाच्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी अंमळ अधिक पैसे घालून 'आय७' घेतात, आणि त्यांनी वेचलेला प्रत्येक रुपया अशा एका धर्मासाठी गेलेला असतो ज्याला वस्तूत आधार नाही. ज्या घरात लॅपटॉप हा वर्षातला सर्वांत मोठा खर्च असतो, तेथे ही फसगत साधी नव्हे.

ग्राफिक्स चिपांच्या बाबतीत एकच नाव दोन वेगळ्या वस्तूंना दिलेले आढळते. डेस्कटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०९० मध्ये कुडा कोअर या नावाने ओळखली जाणारी १६,३८४ गणन-एकके, २४ जीबी स्वतंत्र मेमरी आणि ४५० वॅटची वीजमर्यादा आहे. लॅपटॉपसाठीच्या आरटीएक्स ४०९० मध्ये ९,७२८ एकके आणि १६ जीबी मेमरी आहे, आणि हे दोन्ही आकडे डेस्कटॉपच्या आरटीएक्स ४०८० शी जुळतात. अधिकृत नावापुढे 'लॅपटॉप जीपीयू' हे शब्द असतात, पण बोलताना आणि जाहिरातीत ते गळून पडतात. याच्या उलट प्रकारही आहे, एकाच वस्तूला दोन नावे मिळण्याचा. इंटेलच्या काही प्रोसेसरांतील अंगभूत ग्राफिक्स विभाग, मेमरी दोन मार्गांनी जोडलेली असेल तर 'आयरिस एक्सई' म्हणून ओळखला जातो आणि एकाच मार्गाने जोडलेली असेल तर 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून; चिप तीच, सिलिकॉन तेच, फक्त शेजारच्या खाचेत मेमरीची दुसरी पट्टी आहे की नाही यावर नाव बदलते. या एका ठिकाणी मात्र उत्पादकाने नाव वस्तूच्या प्रत्यक्ष सामर्थ्याशी जोडले, आणि त्याबद्दल त्याला श्रेय दिले पाहिजे, कारण मेमरीचा एक मार्ग कमी झाला की त्या ग्राफिक्स विभागाचा वेग खरोखरच लक्षणीय घटतो.

नावाचा भरवसा नाही म्हणून सुजाण ग्राहक आकड्यांकडे, म्हणजे बेंचमार्ककडे, वळतो. बेंचमार्क ही ठरावीक काम चिपेला देऊन तिचा वेग गुणांत मोजणारी चाचणी होय. सिनेबेंच, गीकबेंच, थ्रीडीमार्क ही त्यांतील परिचित नावे. येथे होणारे ज्ञान अनुमानाचे आहे: चाचणीतील गुण हा हेतू, म्हणजे ज्यावरून अनुमान करायचे ते चिन्ह, आणि स्वतःच्या कामातील वेग हे साध्य. अनुमान निर्दोष व्हायचे तर हेतू व साध्य यांची व्याप्ती, म्हणजे नियत साहचर्य, निरुपाधिक असावी लागते. उपाधी या शब्दाचा येथील अर्थ वेगळा आणि पारिभाषिक आहे: जी गोष्ट साध्य असेल तेथे नेहमी असते, पण हेतू असेल तेथे नेहमी असतेच असे नाही, ती उपाधी. 'जेथे अग्नी तेथे धूर' ही व्याप्ती फसते, कारण धूर असेल तेथे ओले सरपण असतेच, पण अग्नी असेल तेथे ते असतेच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही.

लॅपटॉपमधील ओले सरपण म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची सोय. ॲपलने २०२० च्या नोव्हेंबरमध्ये एम१ ही चिप मॅकबुक एअर आणि तेरा इंची मॅकबुक प्रो या दोन्ही यंत्रांत एकाच वेळी आणली; प्रोमध्ये पंखा होता, एअरमध्ये नव्हता. थोडा वेळ चालणाऱ्या कामात दोन्ही यंत्रे जवळजवळ बरोबरीने धावतात. काम लांबले की एअरच्या आतील धातूच्या पत्र्यात उष्णता साठत जाते, काही मिनिटांनी चिप आपला वेग स्वतःहून उतरवते, आणि प्रोमधील तीच चिप पंख्याच्या आधाराने पूर्वीचाच वेग राखते. 'जेथे एम१ तेथे टिकणारा वेग' ही व्याप्ती त्यामुळे सोपाधिक आहे: टिकणारा वेग असेल तेथे उष्णतेला वाट असतेच, एम१ असेल तेथे ती असतेच असे नाही. ग्राफिक्स चिपांत हीच उपाधी आकड्याच्या रूपाने उघड होते, कारण लॅपटॉपच्या आरटीएक्स ४०६० ला ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीही वीज देण्याची मुभा उत्पादकाने लॅपटॉप बनवणाऱ्यांना दिली आहे. पातळ यंत्रातील आणि जाड यंत्रातील आरटीएक्स ४०६० यांच्या खोक्यावर एकच नाव असते, आणि वॅटचा आकडा शोधावा लागतो. सिनेबेंचच्या २०२० मध्ये आलेल्या आर२३ या आवृत्तीने एका फेरीऐवजी दहा मिनिटे सलग चाचणी चालवण्याची पद्धत मूळ मांडणीत घेतली, ती या उपाधीची दखल घेण्यासाठीच. चाचणीचे शास्त्र येथे तर्कशास्त्राने सुचवलेल्या दिशेनेच गेले.

उरले शब्दप्रमाण. स्वतः चाचणी न करणारा ग्राहक अखेरीस कोणाच्या तरी सांगण्यावर विसंबतो, आणि न्यायमतानुसार ते सांगणे प्रमाण होण्यासाठी सांगणारा आप्त असावा लागतो. न्यायसूत्रांवरील वात्स्यायनभाष्यात आप्ताचे लक्षण कुळावर किंवा पदावर बेतलेले नाही. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त, आणि हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू आहे, असे भाष्यकार स्पष्ट म्हणतात. या लक्षणाचे मोल चिपांच्या क्षेत्रात फार मोठे आहे. उत्पादकाला वस्तूचे साक्षात ज्ञान सर्वांत अधिक असते, परंतु जशी आहे तशी सांगण्याची इच्छा त्याच्या ठायी निर्मळ असेलच असे नाही. उलट हौशी माणसाची इच्छा निर्मळ असते, पण त्याचे ज्ञान पुष्कळदा ऐकीव असते. दोन्ही अटी एकत्र जुळवण्यासाठी संस्था लागतात, आणि त्यांनाही सावध राहावे लागते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या चाचणी-मानके ठरवणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये इंटेलच्या सर्व्हर-प्रोसेसरांच्या २,६०० हून अधिक नोंदींवर अशी टीप लावली की त्यांसाठी वापरलेल्या कंपायलरमध्ये, म्हणजे मानवी भाषेजवळच्या प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या साधनात, एका विशिष्ट चाचणीपुरतीच उपयोगी पडणारी सुधारणा होती. गुण खोटे नव्हते, ते खरोखरच मिळाले होते. पण त्या सुधारणेने वाढलेल्या गुणांवरून दुसऱ्या कामांविषयी भरवशाचे अनुमान करता येत नव्हते. स्वतःच्याच जुन्या नोंदींवर अशी टीप लावणारी संस्था आप्त म्हणण्यास अधिक पात्र ठरते.

या सगळ्यावर जैन विचारवंतांच्या बाजूने असे म्हणता येईल की प्रत्येक चाचणी हा एक नय, म्हणजे अनंत धर्म असलेल्या वस्तूकडे पाहण्याचा एक अंशग्राही दृष्टिकोन आहे. त्याला दोष नाही, आणि तोच संपूर्ण सत्य असल्याचा आग्रह धरला तरच तो दुर्नय होतो. हे म्हणणे खरे आहे, आणि एका गुणाच्या बळावर एका चिपेला सर्वश्रेष्ठ ठरवणाऱ्यांना ते ऐकवण्यासारखेही आहे. परंतु ग्राहकाला शेवटी एकच यंत्र घ्यायचे असते, आणि सर्व नयांना समान मान देऊन निवड होत नाही. नयांमध्ये निवड करणारे तत्त्व प्रयोजन हेच राहते. ज्याला मोठे भाषिक प्रारूप स्वतःच्या यंत्रावर चालवायचे आहे, त्याच्यासाठी ग्राफिक्स चिपेची मेमरी हा एकच नय निर्णायक आहे, कारण प्रारूप त्या मेमरीत मावले नाही तर बाकीची गणन-एकके कितीही वेगवान असोत, ती पुष्कळ वेळ रिकामी बसून राहतात.

मीमांसकांचा पक्ष आता पुन्हा विचारात घेता येतो. त्यांच्या मते ग्राहकाला झालेले ज्ञान बाधक येईपर्यंत प्रमाणच आहे, आणि रोजच्या जगण्यात माणसे बहुधा अशीच वागतात. अडचण एवढीच की येथे बाधक ज्ञान होते ते पैसे दिल्यावर, काम अर्ध्यावर आल्यावर, बहुधा परत करण्याची मुदत संपल्यावर. मात्र मीमांसकांनी अप्रामाण्याचे दुसरेही कारण सांगितले आहे, ते कारणदोषज्ञान, म्हणजे ज्ञानाच्या साधनातच दोष असल्याचे कळणे. आणि त्यासाठी फळाची वाट पाहावी लागत नाही. खोक्यावरील ओळीत ग्राफिक्स चिपेचे नाव आहे पण वॅट नाहीत, प्रोसेसरचा वर्ग ठळक आहे पण पूर्ण क्रमांक नाही, मेमरी किती हे लिहिले आहे पण ती एका मार्गाने जोडली आहे की दोन हे लिहिलेले नाही, तर त्या ओळीतून होणारे ज्ञान सदोष साधनातून होते आहे हे खरेदीपूर्वीच कळू शकते. या ठिकाणी दोन्ही दर्शनांचा तंटा मिटत नसला तरी त्यांची मागणी एक होते. नैयायिकाला तज्जातीयत्व ठरवण्यासाठी वॅट, रचनेची पिढी आणि मेमरीचे मार्ग हवे असतात, मीमांसकाला साधन निर्दोष आहे हे पाहण्यासाठी तेच हवे असतात, आणि ते आकडे छापणे उत्पादकाला मुळीच कठीण नाही, कारण यंत्र घडवताना ते त्यानेच ठरवलेले असतात.